शोधाचा कर्ता कोण?

शास्त्रज्ञ एकटा काम करतो की समूहाने, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनी परका मानू नये. एखाद्या कृतीचे कर्तृत्व कोणाकडे द्यावे, हा मुळात आपलाच प्रश्न आहे. कलकत्त्यात लागलेल्या एका शोधाच्या आधारे त्याचा विचार करता येईल.

महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेच्या बहूबाजारातील प्रयोगशाळेत २८ फेब्रुवारी १९२८ रोजी एक गोष्ट निश्चित झाली : पदार्थातून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अल्पसा भाग आपला रंग बदलतो. 'रामन यांनी शोध लावला' असे आपण म्हणतो. या वाक्यामागे निदान पाच वर्षांचे काम आहे. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना असा क्षीण प्रकाश आढळला होता. द्रवातील अशुद्धीचा तो परिणाम असावा, अशी शंका होती. पण द्रव पुनःपुन्हा शुद्ध करूनही तो नाहीसा झाला नाही. पुढे एस. वेंकटेश्वरन यांना तो ग्लिसरिनमध्ये अधिक स्पष्ट दिसला. १९२८ च्या आरंभी के. एस. कृष्णन यांनी अनेक द्रव तपासले व त्या दिवसांची हकीकत रोजनिशीत नोंदविली. प्रयोगशाळेत आशुतोष डे यांचे साहाय्य होतेच. १९३० चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रामन यांना मिळाले.

एवढ्यावरून रामन यांना दोष देणे अन्यायाचे होईल. 'नेचर'मधील पहिले टिपण रामन व कृष्णन या दोघांच्या नावे आहे. नोबेल व्याख्यानातही रामन यांनी सहकाऱ्यांचा उल्लेख केला आहे. शिवाय हा क्षीण प्रकाश म्हणजे मळ नसून निसर्गाचा नवा नियम आहे, ही खात्री मुख्यतः त्यांची. नावे गळाली ती पुढे, पाठ्यपुस्तकांत आणि गौरवलेखांत. कारण चरित्राला एकच नायक सोयीचा असतो. वस्तुतः 'रामन यांनी शोध लावला' या मराठी वाक्यात क्रियापद कर्त्याला अनुसरत नाही, शोधाला अनुसरते. व्याकरणाची ही शिस्त आपल्या चरित्रलेखनाने पाळलेली नाही.

आपल्या क्षेत्रातील दाखला निराळा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली व १९६६ मध्ये पूर्ण केली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या तत्त्वांवाचून ती उभी राहिली नसती. आणि १९४३ मध्ये त्यांच्या निधनानंतर इतर संपादकांनी व पाठ ताडून पाहणाऱ्यांनी तेवीस वर्षे खपून काम केले नसते, तर ती पुरीही झाली नसती.

म्हणून 'एकटा की समूह' हा पर्याय मला फसवा वाटतो. पाहणारे अनेक असतात. पाहिलेल्याचा अर्थ पुष्कळदा एखाद्यालाच उमगतो. पण अनेकांनी पाहून ठेवलेले नसेल, तर त्यालाही उमगण्याजोगे काही उरत नाही. संहितेच्या प्रत्येक पाठाचा माग काढणाऱ्या आपण अभ्यासकांनी शोधांची चरित्रेही तशीच लिहावीत : कोणी, केव्हा, काय पाहिले. विज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाला आज तीन नावांची मर्यादा आहे, चरित्राला नाही.