वॉचा! काय म्हणतोय चेहरा?

हॅरी पॉटरच्या फॅन मंडळींना टॉंक्स आठवत असेलच. बबलगमसारख्या गुलाबी केसांची, धडपडी. २००३ च्या 'ऑर्डर ऑफ द फिनिक्स'मध्ये ती आली आणि 'हॅलो'ऐवजी बिनधास्त म्हणाली, 'वॉचा, हॅरी!' आपल्याकडे अनेकांना वाटलं, जादूगारांचा काहीतरी कोडवर्ड असेल. छे हो! हा अस्सल लंडनचा, कॉक्नी बोलीतला उद्गार. मराठीत लिहायचा तर 'काय मग?'

त्याचं स्पेलिंग 'वॉचर' असंही करतात. त्यामुळे काहीजण तो घड्याळाशी, नाहीतर पाळतीशी नेऊन जोडतात. 'व्हॉट आर यू'चं हे लघुरूप, अशीही एक थिअरी ऐकू येते. दोन्ही बाद. मूळ शब्द आहेत 'व्हॉट चिअर'. घाईघाईत 'काय म्हणतोस'चं 'काय म्हंतोस' होतं ना, तसंच हे झिजलं.

खरी गंमत 'चिअर'मध्ये. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता चेहरा. चेहऱ्यावरून मूड, मूडवरून आनंद, असा त्याचा प्रवास. म्हणजे 'व्हॉट चिअर' हा प्रश्न मुळात 'चेहरा काय म्हणतोय?' असा. (आपल्या 'चेहरा'शी नातं जोडायचा मोह आवरा! आपला फारसीतून आलाय. आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही.)

शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मध्ये पहिल्याच प्रवेशात, ऐन वादळात, जहाजावर हा प्रश्न येतो. पुढे तो लंडनच्या फेरीवाल्यांच्या तोंडी रुळला आणि १८९१ मध्ये आल्बर्ट शेव्हलिअरच्या ओल्ड केंट रोडवरच्या गाण्याने तो थेट म्युझिक हॉलच्या स्टेजवर नेला.

पण माझा फेव्हरिट किस्सा अमेरिकेतला. धर्ममतांवरून मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने रॉजर विल्यम्सला हद्दपार केलं. १६३६ मध्ये तो होडीतून सीकॉंक नदी ओलांडत होता. ना घर, ना गाव. पलीकडे नॅरागॅन्सेट लोक उभे. ते काय करतील? तिथली परंपरा सांगते, त्यांनी हाक दिली, 'व्हॉट चिअर, नेटॉप!' नेटॉप म्हणजे त्यांच्या भाषेत मित्र. अर्धी हाक इंग्रजांकडून उचललेली, अर्धी स्वतःची. आपल्याच माणसांनी हाकललेल्याला परक्यांनी त्याच्याच भाषेत 'कसा आहेस?' विचारलं. विल्यम्सने तिथे वसवलेल्या प्रॉव्हिडन्स शहराच्या अधिकृत शिक्क्यावर आजही ते दोन शब्द आहेत: 'व्हॉट चिअर'.