आधी काडीकचरा, मग फवारा

उलंगवाडी झाली की वर्धा जिल्ह्यात धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग पेटू लागतात. देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, कोणत्याही रस्त्याने जा, संध्याकाळी धूर दिसतोच. याच दिवसांत सेंद्रिय शेती सुरू करू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्नही वाढतात. येत्या खरिपात निदान एक एकर तरी विषमुक्त करायचा, असं ठरवलेली ही मंडळी असतात. पहिला प्रश्न बहुधा ठरलेला: रासायनिक औषध बंद केलं तर फवारायचं काय? दुसरा: युरियाच्या जागी टाकायचं काय? दोन्हींना माझं उत्तर एकच आहे. आधी पऱ्हाटी जाळणं थांबवा.

सेंद्रिय शेती म्हणजे जुन्या बाटलीच्या जागी नवी बाटली नव्हे. ‘जैविक’ असं छापलेल्या बाटल्या विकत आणून फवारत राहिलं तर खर्च चुकत नाही आणि माती होती तशीच राहते. आपल्या काळ्या मातीला उणीव आहे ती सेंद्रिय कर्बाची. हा कर्ब येतो पिकाच्या अवशेषांतून आणि शेणामुतातून. पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार हे सगळं आपल्याच वावरात पिकतं. त्याला काडी लावली की कर्ब आणि नत्र हवेत जातं, राखेत थोडं पालाश तेवढं उरतं.

वर्ध्याला हे नव्वद वर्षांपूर्वी सांगून झालेलं आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या संशोधन संस्थेत कंपोस्टची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये ती पुस्तकातून मांडली. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते; त्याच वर्षी त्यांनी ‘हरिजन’मधून ही पद्धत वाचकांपुढे ठेवली. पऱ्हाटी आणि तुराट्या कडक, लवकर कुजत नाहीत, ही अडचण इंदूरलाही होती. तिथे त्या शेतातल्या रस्त्यावर अंथरत. गाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या गेल्या की गोठ्यात जनावरांखाली पसरत. मूत्र शोषून मऊ झालेल्या त्या काड्या मग खताच्या ढिगात जात. आज रस्ते डांबरी झाले, पण काडी बारीक करणारी यंत्रं आली आहेत. कुटार गोठ्यात पसरायला तर कोणतंच यंत्र लागत नाही. मूत्रातलं नत्र नालीत वाहून जाऊ न देणं ही नव्या शेतकऱ्याची पहिली कमाई.

‘जनावरंच नाहीत, शेण आणू कुठून?’ हा पुढचा प्रश्न, आणि तो खरा आहे. त्याचं उत्तर शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात सापडलं. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांना सारे नाडेपकाका म्हणत. त्यांच्या आद्याक्षरांवरूनच त्यांच्या खतपद्धतीला नाव पडलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं, हवा खेळावी म्हणून भिंतींना भोकं ठेवलेली. त्यात सहा इंच काडीकचरा, त्यावर पाण्यात कालवलेलं शेण, त्यावर कोरडी चाळलेली माती, असे थर चढवत जायचं. वर झोपडीसारखा उतार देऊन शेणमातीने लिंपायचं. ढीग खाली बसला की पुन्हा थर भरायचे, भेगा पडू द्यायच्या नाहीत. एका टाक्याला सुमारे १०० किलो शेण, १४०० ते १५०० किलो काडीकचरा आणि १७०० किलो माती लागते. ९० ते १२० दिवसांत जवळपास तीन टन खत मिळतं. शेण किती थोडं आणि कचरा किती, ते पाहा. शेजाऱ्याकडून चार टोपली शेण मागून आणणं कोणालाही जमतं.

‘जीवामृत दिलं की भागेल ना?’ असंही पुष्कळजण विचारतात. सुभाष पाळेकरांमुळे ते घरोघरी पोचलं: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पण जीवामृत हे विरजण आहे. दूधच नसेल तर विरजण लागणार कशाला? पाळेकरांच्या पद्धतीतही आच्छादन तितकंच महत्त्वाचं आहे. उघड्या, तापलेल्या मातीवर जीवामृत ओतून जिवाणू जगत नाहीत, त्यांना सावली, ओल आणि खायला काडीकचरा हवा.

आता जाळणाऱ्यांची बाजू. पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून शेत वेळेत मोकळं केलंच पाहिजे. ते बरोबर आहे. फरदड घेऊ नये, किडकी बोंडं वेचून नष्ट करावीत. उरलेल्या काड्या मात्र बारीक करून कुजवाव्यात. तशाच मातीत गाडल्या तर कुजताना त्या मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. म्हणून आधी टाकं, मग वावर.

‘उत्पन्न घटेल का?’ पहिल्या दोन-तीन वर्षांत घटू शकतं, विशेषतः खत एकदम तोडलं तर. म्हणून सगळं वावर एका खरिपात सेंद्रिय करू नका. एक तुकडा घ्या, त्यात तूर, ज्वारी, भाजीपाला किंवा समुद्रपूरकडे असाल तर हळद लावा. तिथल्या वायगाव हळदीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. कपाशीबद्दल स्पष्ट सांगतो: बीटी बियाणं जनुकबदल केलेलं आहे, त्याचा कापूस प्रमाणित सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. सेंद्रिय कापूस हवा असेल तर साधं किंवा देशी वाण शोधावं लागेल. प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना दोन वर्षं आणि संत्र्यासारख्या फळबागेला तीन वर्षं संक्रमणाची धरून चाला.

शेवटी फवारणी. जून लागताना कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, त्या वेचून, वाळवून ठेवा. पाच किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून गाळली की १०० लिटर पाण्याचा पाच टक्के अर्क होतो. तो अळी मोठी होण्याआधी, ऊन उतरल्यावर फवारायचा. अळ्या पटापट खाली पडतील अशी अपेक्षा ठेवू नका. त्यांचं खाणं आणि वाढ थांबते. दशपर्णी अर्कातही धोतरा, रुई अशा विषारी वनस्पती असतात, म्हणून भांडी वेगळी ठेवा आणि तोंडाला फडकं बांधा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर ‘थोडंसं चालतं’ हे वाक्य शेतात कोणी उच्चारू नये. वावर नसलेल्यांनी परसबागेपासून आरंभ करावा. भाजीचे देठ आणि वाळका पाला बादलीत थराथराने कुजवला की पालक-मेथीच्या वाफ्याला विकतचं काही लागत नाही.

काडी वेचायला, बारीक करायला मजुरी लागते आणि जाळायला काडेपेटी पुरते, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणं अन्याय आहे. डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशनमध्ये आपला जिल्हा आहे. या मिशनने निविष्ठांवर पैसा घालण्याआधी प्रत्येक गावाला काडी बारीक करणारं एक यंत्र द्यावं, ते ग्रामपंचायतीने वा बचत गटाने भाड्याने फिरवावं. गोठ्यांना पक्का तळ आणि मूत्रासाठी टाकी बांधून द्यावी. एवढं झालं तर अर्धी सेंद्रिय शेती भाषणाशिवाय होईल.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी मात्र योजनेची वाट पाहू नये. सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात मातीची तपासणी करून घ्या आणि विटा रचायला घ्या. फेब्रुवारी संपत आला आहे. नाडेपचं टाकं या आठवड्यात भरलं तर खत मृगाच्या पेरणीला हाताशी येतं. ढीग पेटवला तर जूनमध्ये पुन्हा उधारीच्या पोत्यासाठी रांगेत उभं राहावं लागतं.