चरबीच्या पेशीची बाजू

‘चरबी म्हंजे दुश्मनच, तिची पेशी आंगात तयारच नाई व्हाले पायजे.’ परतवाड्यात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या घोळक्यात हे मत आता सिद्धांतासारखं ऐकवलं जातं. लगेच जोड येते: ‘आपल्या मेळघाटातल्या वाळक्या पोट्ट्याइले चरबीचं काय घेणं?’ मला दोन्ही अमान्य.

अस्थिमज्जेत आणि चरबीतल्या बारीक रक्तवाहिन्यांलगत मूलपेशी असतात. मज्जेतल्या काही मूलपेशी हाड होऊ शकतात, कूर्चा होऊ शकतात, मेदपेशीही. मेदाच्या वाटेवर वळवणारं मुख्य प्रथिन म्हणजे पीपीएआर-गॅमा. शास्त्रज्ञ स्पिगेलमन यांच्या प्रयोगशाळेनं १९९४ साली ते दाखवलं. आधी पूर्वमेदपेशी होते, मग तिच्यात तेलाचे थेंब साठून शेवटी एकच मोठा थेंब उरतो.

आता बघा, पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध नेमकं हेच प्रथिन जागं करतं. त्वचेखाली नव्या, लहान मेदपेशी तयार होतात. वजन वाढतं आणि तरी साखर उतरते! पेशी शत्रू असती तर असं झालं असतं का? उलट जन्मतःच जवळपास मेदपेशी नसलेल्या रुग्णांचं यकृत चरबीनं भरतं, मधुमेह उग्र होतो. पोती कमी पडली की तूर ओसरीवर सांडते, तसंच हे. एक कबूल करतो: हे औषध घेणाऱ्या स्त्रियांत हाडं मोडण्याचा धोका वाढतो. मूलपेशी हाडाऐवजी मेदाकडे वळणं हे त्याचं एक कारण मानलं जातं. म्हणजे नवी पेशी फुकट मिळत नाही.

‘व्यायामानं पेशी जळतात’ हेही खरं नाही. २००८ च्या स्वीडनमधल्या अभ्यासात प्रौढांच्या मेदपेशींची संख्या स्थिर आढळली. दरवर्षी सुमारे दहा टक्के मरतात, तितक्याच नव्या येतात. वजन घटलं की पेशी फक्त आकसते, संख्या तीच राहते.

राहिली वाळकी पोरं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकलेली. मेळघाटच्या बाळांवर तो अभ्यास नव्हता, हे खरं. पण वजनकाटा हलका दाखवतो म्हणून चरबीचा प्रश्नच नाही, हा निष्कर्ष तिथेच कोसळतो: काट्याला स्नायू कुठला आणि मेद कुठला, हे कळतच नाही.