भिंतीला खिळा मारू नये

आमच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर नियमांचा एक कागद आहे. त्यातला अकरावा नियम असा : 'खोलीच्या भिंतीला खिळा मारू नये, काहीही चिकटवू नये. आढळल्यास रु. ५०० दंड.' आणि हा कागद ज्या बोर्डावर लावलाय तो बोर्ड भिंतीला टांगलाय चार भरभक्कम खिळ्यांवर! फर्स्ट इयरला आलो तेव्हा हे बघून खूप हसलो होतो. थर्ड इयरला आल्यावर हसू येत नाही. त्याचं कारण माझा रूममेट.

हा वाशिमकडचा. शेतकऱ्याच्या घरातला. आल्या दिवशी बॅग कॉटखाली सरकवली ती सबंध पहिलं सेमिस्टर रिकामी केलीच नाही. सकाळी बॅगेतून शर्ट काढायचा, रात्री धुऊन वाळवून परत बॅगेत ठेवायचा. कपाट मोकळं. विचारलं तर म्हणायचा, "राहू दे ना, बरं आहे असं." कधीही उठून विदर्भ एक्स्प्रेस पकडता यावी अशी तयारी. रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये माणूस बसतो ना, तसा तो त्या खोलीत राहत होता.

दुसऱ्या सेमिस्टरला तो घरून एक फोटो घेऊन आला. पोळ्याचा. झूल घातलेली, शिंगं रंगवलेली बैलजोडी, आणि मध्ये त्याचे वडील. डबल साइड टेप लावून त्याने तो उशाशी चिकटवला. दोन दिवसांत पडला. परत लावला, परत पडला. जूनमध्ये तर भिंतीला हात लावला तरी ओल लागते, तिथे टेप काय टिकणार! चौथ्यांदा त्याने वर्कशॉपमधून हातोडी आणली आणि एकच खिळा ठोकला. पुढच्या आठवड्यात तपासणी झाली, पावती फाटली, खिळा उपटला गेला. पाचशे रुपये म्हणजे त्याच्या घरून येणाऱ्या महिन्याच्या हातखर्चाचा निम्मा भाग. फोटो परत बॅगेत गेला.

आता कुणी म्हणेल, एवढंसं प्रकरण, त्यावर लेख कसला? तर मित्रांनो, हा लेख खरं म्हणजे खोली सजवण्यावरच आहे. पण खोली सजवणं म्हणजे काय हे मला हॉस्टेलने नाही, लालबागच्या चाळीने शिकवलं. म्हणून आधी तिकडे जाऊ.

माझे आजोबा गिरणीत होते. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, नोकरी परळला. राहायला गावकीची खोली. नव्या मुलांना हा प्रकार माहीत नसेल. गावच्या लोकांनी मिळून मुंबईत एक खोली घ्यायची आणि गावातून नोकरीला येणाऱ्या प्रत्येकाने तिथे पथारी टाकायची. वीस-पंचवीस माणसं आणि खोली एक. पण सगळे एकाच वेळी नसत. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या जागी झोपे. म्हणजे आज आपण ज्याला हॉस्टेल म्हणतो ते गिरणगावात आपल्या कितीतरी आधी होतं, फक्त रेक्टर नव्हता. प्रत्येकाच्या मालकीचं काय? एक खुंटी, एक वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक.

ती ट्रंक अजून गावी आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो काही मिटला नाही, आजोबा ट्रंक घेऊन गावी गेले ते गेलेच. आता तिच्यात आजी तांदूळ ठेवते. लहानपणी मी झाकण उघडलं तर आतल्या बाजूला सगळी चित्रं चिकटवलेली! कॅलेंडरवरून कापलेला विठोबा, एका कुस्तीगीराचा वर्तमानपत्रातला फोटो, कापडाच्या ताग्यावरचं सोनेरी लेबल, आणि एका कोपऱ्यात आजीचा काळा-पांढरा फोटो. वीस-पंचवीस माणसांच्या खोलीत भिंत कुणा एकाची नव्हती. म्हणून त्या माणसाने ट्रंकेचं झाकण सजवलं. पाळीवरून आला, झाकण उघडलं, की दोन बाय दीड फुटात त्याचं घर.

मला वाटतं सजावटीची सुरुवात इथून होते. कोपरा केवढाही असो, तो आपला आहे असं दिसलं पाहिजे. मग पुढे पैसे असतील तसा रंगबिंग.

काका-काकी लालबागला चाळीत राहतात. खोली दहा बाय बारा, वर पोटमाळा. हॉस्टेलची मेस बंद असली की रविवारी मी तिकडेच, चालत पाऊण तास. काकीने आयुष्यात 'इंटिरिअर' हा शब्द उच्चारला नसेल. पण तिची खोली बघा. भिंतीवर स्टीलची मांडणी, डबे उतरत्या क्रमाने, चिंचेने घासलेली पितळी कळशी सगळ्यात वर. हीच शोभेची वस्तू आणि हीच रोजच्या वापराची. आरसा खिडकीच्या बरोब्बर समोरच्या भिंतीला. मला वाटायचं उगाच तिथे आहे. एकदा पंखा पुसायला मी तो काढून ठेवला तर दुपारी तीन वाजता खोलीत लाइट लावावा लागला! एका खिडकीच्या खोलीत आरसा म्हणजे दुसरी खिडकी. पडदा दोन जुन्या साड्यांचा, उलटसुलट शिवलेला, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सुलट दिसतो. मोठी ताई दहावीला होती तेव्हा हाच पडदा ओढला की तिची स्टडी रूम तयार.

आणि वासे, फळ्या, खुंट्या यांच्याखाली, खोलीच्या एका लांब भिंतीवर, चाळ बांधली तेव्हापासूनचं खुंटाळं. लाकडाची जाड पट्टी आणि तिच्यात बसवलेल्या सहा खुंट्या. छत्री, पिशवी, काकांचा शर्ट, गणपतीत तोरण, लग्नसराईत आहेराच्या साड्या, सगळं तिच्यावर. बाकी भिंतीला एक भोक नाही.

गणपतीचं तर विचारूच नका. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला तेव्हापासून चाळीतला माणूस कमी जागेत आरास करण्यात पीएच.डी. आहे. आमच्या काकांचं मखर दर वर्षी पुठ्ठ्याचं. फ्रिजचा खोका जुलैपासून पोटमाळ्यावर राखून ठेवतात. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा शेजारी हवालदिल झाले होते, काकांना फरकच पडला नाही. पुठ्ठा, खळ, घोटीव कागद, बस्स. खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, पुस्तक बांधणारे घालतात तसं, म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. (मोरचूद विषारी, हात धुवा, आणि खळीचं भांडं परत मेसमध्ये नेऊ नका!)

जुनी दिव्यांची माळ काका स्वतः जोडायचे. सहा व्होल्टचे चिमुकले बल्ब, लाइन २३० व्होल्टची, म्हणून अडतीस-चाळीस बल्ब एकापाठोपाठ एक. आपण ज्याला 'सिरीज सर्किट' म्हणून दोन मार्काला लिहितो ते. एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात. मग काका माळेच्या मध्यावर टेस्टर लावत. पेटला तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नाही पेटला तर मागच्या. परत त्या अर्ध्याचा मध्य. पाच-सहा वेळा टेस्टर लावला की मेलेला बल्ब हातात. सेकंड इयरला सरांनी 'बायनरी सर्च' शिकवला तेव्हा मला लालबागची गॅलरी दिसत होती. तुम्ही मात्र हे उद्योग करू नका. आता बारा व्होल्टच्या एलईडी पट्ट्या मिळतात, त्या लावा आणि जिवंत राहा.

तर हे सगळं शिकून मी आमच्या खोलीवर प्रयोग केले. एकूण खर्च सहाशे ऐंशी रुपये, तिघांत वाटून. लॅमिंग्टन रोडवरून एलईडीची पट्टी आणि अ‍ॅडाप्टर, पिवळसर प्रकाशाची. वरची ट्यूब सगळ्या खोलीला मेडिकल वॉर्ड करून टाकते, रात्री ती बंद करून टेबलामागे ही पट्टी लावली की त्याच खोलीत माणसं राहतात असं वाटतं. मंगलदास मार्केटमधून कटपीस आणला, कपाटाच्या मोडक्या दाराला पडदा म्हणून. इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या नापास झालेल्या शीट्स होत्याच (माझ्याकडे त्या मुबलक आहेत). त्यांना घड्या घालून आकाशकंदिलासारखी शेड केली, आत नऊ वॉटचा एलईडी. साठ वॉटचा जुना बल्ब असता तर कागद तापून करपला असता. आता रात्री छतावर माझ्या चुकलेल्या 'आयसोमेट्रिक'च्या रेषा उमटतात. व्हायवाला नाही, निदान इथे तरी त्या कामाला आल्या.

पण हे सगळं टेबलावर, कपाटावर, जमिनीवर. भिंत मोकळीच. आणि माणूस झोपताना, जागा होताना बघतो ती भिंतच.

आता स्टाफची बाजू. रेक्टर सरांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्ही चार वर्षांनी जाता, भिंत आम्हाला रंगवावी लागते." खोटं नाही. आमच्या आधी याच खोलीत एका सीनिअरने ऑइल पेंटने चार फुटी कवटी काढली होती. तिच्यावर तीन हात मारले तरी पावसाळ्यात ती हसते. असल्या पराक्रमानंतर नियम होणारच. माझं भांडण नियमाच्या हेतूशी नाही, परिणामाशी आहे.

मे महिन्यात खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा मी आमच्या मजल्यावर फिरून बघितलं. खिळ्यांची भोकं अगदी थोडी. पण टेपने सोलून काढलेले रंगाचे पोपडे प्रत्येक खोलीत, तळहाताएवढे. कारण सोपं आहे. आपल्या भिंतींना डिस्टेंपर आहे. जुना झाला की वरचा थर खडूसारखा भुसभुशीत होतो. टेप चिकटतो तो त्या थराला, भिंतीला नव्हे. ओढला की थर घेऊन येतो. खिळ्याचं भोक चिमूटभर लांबी भरली की बुजतं, पोपड्याला सगळी भिंत घासावी लागते. आणि खिळ्याचा आवाज होतो म्हणून मुलं टेप वापरतात. म्हणजे ज्या नियमाने भिंत वाचायची, त्याच नियमामुळे ती जास्त खराब होते. कुणी मोजलंय का हे? नोटीस लावणाऱ्यांनी एकदा मेमध्ये खोल्या बघाव्यात, एवढीच विनंती.

उपाय चाळ बांधणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलाय. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला मिळून २०७ चाळी बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची, तीत सात-आठ माणसांचं कुटुंब. आमची तिघांची खोली जवळपास तेवढीच आहे. एवढ्या जागेत माणसं राहायची तर त्यांना टांगायला काहीतरी लागणार हे उघड आहे. तुम्ही दिलं नाही तर ती स्वतः ठोकणार. म्हणून प्रत्येक कॉटच्या उशाशी कॉलेजनेच एक चार फुटी लाकडी पट्टी पक्की बसवावी, खुंट्यांसकट. भिंतीत गट्टू ठोकून चार स्क्रू, एकदाच. मी परळच्या एका सुताराला विचारलं. सागवान नको, साधं लाकूड चालेल म्हटल्यावर मजुरीसकट साडेतीनशेच्या आसपास म्हणाला, घाऊक असेल तर आणखी कमी. म्हणजे एका खिळ्याच्या दंडात एक पट्टी बसून वर सुटे पैसे उरतात. पट्टीवर काय लावायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. फोटो लावा, टाइमटेबल लावा, शेड्यूल बोंबलल्यावर टाइमटेबल काढून मारुतीराय लावा. पट्टीबाहेर भिंतीला हात लावला तर खुशाल दंड घ्या, हजार घ्या, मी पावतीवर सही करीन.

'पोरं इथे शिकायला येतात, संसार थाटायला नाही,' असंही एकदा कानावर आलं. चार वर्षं म्हणजे किती रात्री होतात हे गणित मी त्यांच्यावर सोडतो.

इकडे लालबागची चाळही आता पडणार आहे. आजूबाजूच्या कितीतरी पडल्याच. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ते टीव्हीवर बघून काकी दोन दिवस नव्या घरात काय कुठे ठेवायचं याचंच बोलत होती. तिला आनंद आहे, मलाही आहे. मोरीसमोर रांग लावण्यात कसलं आलंय वैभव! फक्त गेल्या रविवारी गेलो तर भिंतीवर एक लांब फिकट पट्टा दिसला आणि खुंटाळं जमिनीवर. काकांनी पान्याने, स्क्रू न मोडता, काढून ठेवलं होतं. "नव्या घरात वॉर्डरोब आहे," ते म्हणाले. "तुला पाहिजे तर घेऊन जा. तुझ्या त्या बैलवाल्या मित्राच्या उपयोगी पडेल."

ते मी खांद्यावर टाकून भारतमाताच्या सिग्नलवरून चालत हॉस्टेलला आणलं. वॉचमनने अडवलं, हे काय म्हणून. सांगितलं, सबमिशन आहे.

रेक्टर सरांकडे तिघांच्या सहीचा अर्ज दिलाय. उत्तर यायचंय. तोवर खुंटाळं कॉटखाली आहे, वाशिमच्या बॅगेशेजारी. सहा खुंट्या आहेत, आम्ही तिघं. प्रत्येकी दोन येतात.