कोरा रकाना आणि हॅलो साइन

तळोदा, अक्कलकुवा व धडगाव या तालुक्यांतील व्यवसायबंधूंच्या पत्रांचा रोख अलीकडे एकच आहे : छातीच्या सीटीच्या अहवालात नोड्यूलभोवती हॅलो साइन नोंदलेली असते, खाली ‘ॲस्परजिलोसिस वगळावा’ असा शेरा असतो, आणि कालपर्यंत उसाच्या फडात राबणाऱ्या मनुष्यास व्होरिकोनाझोल सुरू करावे की थुंकीचा नमुना पुन्हा पाठवावा, याचा उलगडा त्या शेऱ्यावरून होत नाही.

तक्रार रास्त आहे. परंतु दोष उभयपक्षी आहे. मागणीपत्रातील रोगवृत्ताचा रकाना बहुधा कोरा असतो, अथवा त्यात ‘एचआरसीटी चेस्ट’ एवढेच लिहून, जी तपासणी मागितली तीच तिचे कारण म्हणून दाखविलेली असते. आधार क्रमांक नसल्यास कागद परत करण्याचा अखत्यार कारकुनास आहे. रोगवृत्त नसल्यास तो परत करण्याचा अखत्यार कोणास दिल्याचे ऐकिवात नाही.

१९८५ साली कुलमन प्रभृतींनी हॅलो साइनचे वर्णन केले ते तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णांत. न्यूट्रोफिल घटलेल्या त्या फुप्फुसांत भोवतालचा ग्राउंड ग्लास म्हणजे रक्तस्राव, हा अन्वय यथार्थ होता. तोच अन्वय प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या रुग्णास लावणे म्हणजे परगावच्या सातबाऱ्यावर स्वतःचे शेत शोधणे होय. सातपुड्याच्या पायथ्याशी प्रथम क्षय आठवावा, मग ॲडेनोकार्सिनोमा, व्हॅस्क्युलायटिस व रक्तस्रावी मेटास्टेसिस. आणि त्याही आधी, जाड छेदांमुळे वा श्वासाच्या हालचालीमुळे गाठीची कड नुसती धूसर तर झाली नाही ना, हे पातळ छेदांत पडताळावे. रिव्हर्स हॅलोचीही तीच कथा : वलय गुळगुळीत असल्यास ऑर्गनायझिंग न्यूमोनियाकडे कल राहतो, वलयावर व आत बारीक नोड्यूल असल्यास सक्रिय क्षयाकडे, अनियंत्रित मधुमेहीत म्युकर, आणि या भागातील भिल्ल-पावरा समाजांत आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांत इन्फार्क्टही ध्यानी घ्यावा लागतो. म्हणजे प्रतिमा तीच, निर्णय मात्र रुग्णाच्या हकिकतीवर. आणि नेमकी तीच हकिकत तालुक्याच्या दफ्तरात अडकून पडते.

आरोग्य खात्याने रोगवृत्ताचा रकाना सक्तीचा करावा, अशी आमची मागणी आहे. परंतु हुकमाची वाट पाहत बसणारे व्यवसायबंधू आमच्या मते अधिक दोषी आहेत. पाठविणाऱ्यांनो, ताप किती दिवसांचा, मधुमेह, सिकलसेल, एचआयव्ही, स्टेरॉइड आणि पूर्वीचे क्षयोपचार, एवढे तरी लिहा. वाचणाऱ्यांनो, रकाना कोरा असेल तर सही करण्यापूर्वी पाठविणाऱ्या डॉक्टरास फोन करा, आणि क्षयाचा संशय असेल तर तो शेऱ्यात स्पष्ट लिहून थुंकीची सीबीनॅट तपासणी सुचवा.