घासाआडचे कुंपण

वसुबारसेला गाईच्या मुखी घास दिल्यावाचून आपली दिवाळी सुरू होत नाही. पितृपक्षात कावळ्याची आपण वाट पाहतो. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव कीर्तनात आले की आपले डोळे पाणावतात. मग वाचकहो, इतक्या उदार समाजात घासाआड कुंपणे घालतो तरी कोण?

आमच्या नागपूरचेच पाहा. 2022 च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मोकाट कुत्र्यांना सार्वजनिक जागी खाऊ घालण्यास मनाई केली. भूतदया दाखवावयाची तर कुत्रे दत्तक घेऊन घरी न्या. नाही तर 200 रुपयांपर्यंत दंड! पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या सक्तीला आवर घातला आणि महापालिकेने खाऊ घालण्याच्या जागा ठरवाव्यात, असा मार्ग दाखविला. 2023 च्या नियमांत आणि 2025 च्या ऑगस्टमधील आदेशातही ठरावीक जागांचेच तत्त्व आहे.

ज्याच्या लेकराला कुत्रे चावले त्याची भीती मी खोटी मानीत नाही. कुत्र्यांची नसबंदी व्हावी, त्यांना लस टोचली जावी, शाळेच्या दारात उकिरडा नसावा, हे सारे मान्य. पण उपाशी कुत्रे सौम्य होते, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? माझा वाद मनाईशी नाही, क्रमाशी आहे. आधी जागा, मग मनाई! आपल्याकडे मनाईची पाटी रातोरात उभी राहते आणि जागा मात्र कागदावर राहते.

‘कुत्र्यांचे काय घेऊन बसलात?’ असे म्हणणाऱ्याने रेशनच्या दुकानापुढील रांगेत जरा उभे राहावे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य हा हक्क दिला. 2023 च्या जानेवारीपासून ते फुकट झाले. गोदामात धान्य आहे, दुकानात पोती आहेत. मध्ये उभे आहे एक यंत्र, आणि त्याला हवा अंगठा! जन्मभर विटा वाहून, भांडी घासून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या, त्यांचाच अंगठा ते ओळखीत नाही. ज्या कष्टांमुळे माणूस धान्याला पात्र ठरला, तेच कष्ट त्याला अपात्र ठरवितात! अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने 2017 साली राज्यांना कळविले होते. पण ते रांगेतल्या म्हातारीला कोणी सांगावे? तिला एवढेच ऐकू येते, ‘उद्या या.’

कुंपण घालणाऱ्याने त्याला फाटकही ठेवले पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे. चोरी थांबवा, शिस्त लावा, पण दुसरी वाट उघडल्याशिवाय पहिली बंद करू नका. कायदा ‘उद्या’ म्हणू शकतो. पोटाला ते जमत नाही.

फराळाचे ताट सुखाने पुढे ओढा, वाचकहो. मात्र आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला आणि कोपऱ्यावरच्या रेशन दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ‘कुंपण दिसले, फाटक कुठे आहे?’