पाणी गार, मग प्रोसेसर गरम का?



पाण्याने थंड होणारा गेमिंग कॉम्प्युटर हा विषय या सदरात कशाला, असे काही ज्येष्ठ मंडळींना वाटेल. पण ही यंत्रे आता आपल्या घरांतही आली आहेत. नवी कोरी नव्हेत. कुणीतरी हौसेने बांधून घेतलेली, दोन-तीन वर्षे वापरलेली आणि मग निम्म्या किमतीत विकलेली. मुलगा त्यावर खेळतो हे खरे, पण त्याच यंत्रावर तो लग्नाच्या चित्रफिती जोडून चार पैसेही मिळवतो. असे यंत्र तापून बंद पडू लागले की हातातले काम अडते. दुकानात नेले की उत्तर बहुधा ठरलेले असते : "प्रोसेसर गेला, नवा टाका." म्हणजे पुन्हा पंचवीस-तीस हजारांची जुळवाजुळव.

माझे म्हणणे एवढेच, की पैसे काढण्याआधी दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. पाणी किती गरम आहे आणि प्रोसेसर किती गरम आहे. दोष कोठे आहे ते या दोन आकड्यांतूनच बहुतेक वेळा कळते.

आधी उष्णतेची वाट समजून घेऊ. प्रोसेसर म्हणजे यंत्राचे डोके. त्यावर थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. त्यावर तांब्याचा चौकोनी ठोकळा बसवलेला असतो, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. त्याच्या पोटात केसासारख्या बारीक खाचा असतात आणि त्यांतून पाणी वाहते. हे पाणी उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जाते, पंखे तेथली उष्णता हवेत सोडतात, आणि पंप पाणी पुन्हा फिरवतो. पुष्कळ यंत्रांत ग्राफिक्स कार्डही याच पाण्यावर जोडलेले असते.

आम्हा हिशेबनिसांची तेरीज जुळेनाशी झाली की आम्ही सगळी चोपडी पुन्हा लिहीत बसत नाही. कोणत्या पानापर्यंत बेरीज बरोबर होती ते पाहतो. येथेही तेच करायचे. पाणी थंड आणि प्रोसेसर तापलेला, तर दोष पाण्याच्या अलीकडे : पेस्ट, ब्लॉकची पकड, ब्लॉकमधला गाळ किंवा मंदावलेला पंप. पाणीच तापलेले असेल तर दोष पलीकडे : रेडिएटर, पंखे, धूळ किंवा खोलीची हवा.

पाण्याचे तापमान मोजायला स्क्रूसारखा छोटा सेन्सर मिळतो. काही मदरबोर्डांवर त्याची तार लावायची सोयही असते. सेन्सर नसला तरी अडत नाही, घड्याळ पुरते. एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम लावा, त्यात प्रोसेसरचे तापमान दिसते. मग एखादे जड काम सुरू करा आणि सेकंद मोजा. आकडा दहा-पंधरा सेकंदांत ९५ वर उडी मारतो, की वीस-तीस मिनिटे हळूहळू चढत जातो?

या फरकाचे कारण शाळेतल्या विज्ञानात आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४२०० ज्यूल उष्णता लागते. ३०० वॅटची सगळी उष्णता पाण्यात गेली आणि रेडिएटरने काहीच बाहेर टाकली नाही असे धरले, तरी पाणी एक अंश चढायला १४ सेकंद लागतील. तेव्हा दहा सेकंदांत प्रोसेसर ५० वरून ९५ वर गेला, तर तो दोष तापलेल्या पाण्याचा असूच शकत नाही. उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही, असा त्याचा अर्थ.

आमच्या भागातील एका भगिनीच्या घरी हेच घडले. त्यांचा मुलगा दिवसा पार्सले पोचवतो आणि रात्री चित्रफिती जोडतो. त्याने पतपेढीचे कर्ज काढून असे जुने यंत्र घेतले. सात-आठ महिन्यांनी ते कामाच्या मध्येच बंद पडू लागले. दुकानदाराने प्रोसेसर बदलायला सांगितला. ताई माझ्याकडे दुसऱ्या कर्जाचा अर्ज भरून घ्यायला आल्या. म्हणाल्या, "भाऊ, पहिल्याचे हप्ते अजून फिटायचेत, पण पोराचे काम हातचे जाईल." मी म्हटले, "ताई, अर्ज उद्या भरू, आधी यंत्र पाहू." वस्तीतला एक मुलगा कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो, त्याला बरोबर घेतले.

खोलीत ३१ अंश, पाणी ३६ अंश. प्रोसेसर इंटेलचा बाराव्या पिढीचा आय सेव्हन. तो काही सेकंदांत ९८ वर जाई. त्याची मर्यादा १०० आहे. ग्राफिक्स कार्ड मात्र त्याच पाण्यावर व्यवस्थित थंड होते. म्हणजे पंप चालू, रेडिएटर ठीक, आणि गडबड एकट्या प्रोसेसरच्या ब्लॉकपाशी. पाणी काढून ब्लॉक उघडला, तर बारीक खाचांत पांढरट चिकट थर साचलेला. काही लवचीक नळ्यांतून त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू पाण्यात उतरते आणि अशा खाचांत अडकते. रंगीत, दुधी दिसणाऱ्या कूलंटचा गाळही असाच बसतो. जुना मऊ टूथब्रश, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घेऊन ब्लॉक साफ केला, डिस्टिल्ड पाण्याने खळबळला, नळ्या बदलल्या, नवी पेस्ट लावली. त्याच कामात आकडा ७२ वर थांबला. खर्च हजारांच्या आत-बाहेर. अर्जाचा कोरा कागद माझ्या पिशवीतच राहिला.

दर वेळी गाळच निघेल असे नाही. ब्लॉकचे स्क्रू एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने सैल असले तरी असेच होते. ते तिरपे, समोरासमोरचे आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. ब्लॉकच्या तळाला कारखान्यातून येणारे प्लॅस्टिकचे संरक्षक कागद काढायचे राहून गेलेली यंत्रेही जाणकारांच्या हातून जातात. हसू नका, नवा ब्लॉक बसवताना घाईत ही चूक सर्रास होते. ब्लॉकवर पाणी आत जायची आणि बाहेर यायची तोंडे ठरलेली असतात. ती उलट जोडली तरी काही ब्लॉक नीट काम करत नाहीत.

पंपाची परीक्षा हाताने होते. त्यावर बोट ठेवले तर बारीक थरथर जाणवली पाहिजे. ब्लॉकच्या दोन्ही नळ्यांना हात लावा. पाणी नीट वाहत असेल तर दोन्हींत हाताला कळेल असा फरक नसतो. एक चटका देणारी आणि दुसरी गार असेल तर पाणी जवळजवळ थांबले आहे. नेहमीचा घोटाळा म्हणजे पंपाची तार पंख्याच्या जागी लावलेली असते, आणि मदरबोर्ड त्याला पंखा समजून वेग कमी करतो. बायॉसमध्ये जाऊन तो पूर्ण वेगाला ठेवावा. पाण्यात हवेचे बुडबुडे राहिले असतील तर यंत्र बंद करून पेटी थोडी इकडे-तिकडे कलती करावी; हवा टाकीत येऊन बसते.

आता दुसरी बाजू, म्हणजे पाणीच तापते तेव्हा. पेटीचे बाजूचे झाकण काढा आणि अर्ध्या तासाने पाहा. पाणी चार-पाच अंशांनी उतरले तर पेटीत हवा खेळत नाही. आपल्याकडे जागा कमी, म्हणून यंत्र टेबलाच्या कप्प्यात कोंबलेले असते. तेथे रेडिएटर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. रेडिएटरच्या पात्यांत धूळ आणि केस बसतात. यंत्र बंद करून, पंखे हाताने धरून, मऊ ब्रशने साफ करावे. सगळे पंखे एकाच दिशेने वारा टाकतात ना, हेही पाहावे. समोरासमोर फुंकणारे पंखे मी पाहिले आहेत.

उन्हाळ्याचा हिशेब मात्र वेगळा धरा. पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीतच ३८ अंश असतील, तर जड कामात पाणी ४८ असणे हा दोष नव्हे. पाणी ६० कडे जाऊ लागले तर यंत्र थांबवा. बहुतेक पंपांची मर्यादा तेवढीच असते. काही मुले टाकीभोवती बर्फ लावतात, ते करू नका. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत थंड नळीवर दव धरते आणि ते मदरबोर्डवर ठिबकते.

तसेच प्रत्येक मोठा आकडा आजाराचा नसतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील अशीच कंपनीची रचना आहे. ७८००एक्सथ्रीडीची मर्यादा ८९ आहे. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीची गोष्ट निराळी. त्यांतील काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब होत होते. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यावर दुरुस्ती दिली आणि पेटीबंद विकलेल्या अशा प्रोसेसरांची हमी तीनाची पाच वर्षे केली. तुमच्या यंत्रात त्या पिढीचा प्रोसेसर असेल तर बायॉस अद्ययावत करून घ्या. जुने यंत्र घेताना विकणाऱ्याकडून मूळ बिल मागून ठेवा, हमीसाठी तेच कामी येते.

पाणी बदलताना नळाचे किंवा बोअरचे घालू नका, क्षार धरतात. डिस्टिल्ड पाणी आणि शेवाळ न धरू देणारे औषध, किंवा तयार कूलंट घ्या. तांब्याच्या ब्लॉकबरोबर अॅल्युमिनियमचा रेडिएटर असेल तर तो बदलाच. दोन धातू एका पाण्यात आले की अॅल्युमिनियम कुरतडले जाते. जोडणीनंतर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या विजेच्या तारा काढून ठेवाव्यात, जोडाजोडांखाली कागदी रुमाल पसरावेत आणि फक्त पंप काही तास चालवावा. पॉवर सप्लाय एकटा चालू करायला त्याची हिरवी आणि काळी तार जोडावी लागते. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

याविषयी पत्र लिहिणाऱ्यांनी चार गोष्टी अवश्य कळवाव्यात : खोलीचे तापमान, पाण्याचे तापमान, प्रोसेसरचे नाव आणि त्याचा आकडा, आणि तेथपर्यंत चढायला लागलेला वेळ. नुसते "फार तापते" असे लिहिले तर मला काहीच सांगता येणार नाही.